चिलीचे लोकगायक व्हिक्टर हारा

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात पश्चिमेच्या कडेला, समुद्र आणि अँडीज डोंगर यांच्या मधोमध मिरचीसारखी लांब आणि अरुंद पट्टी दिसते, तो चिली देश. वर उत्तरेला वाळवंट आणि तांब्याच्या खाणी, खाली दक्षिणेला बर्फ, आणि मध्ये द्राक्षांचे मळे व सांतियागो ही राजधानी. आपल्या वस्तीतील कुणाचा या देशाशी संबंध येण्याचे कारण नाही. आमचाही नव्हता. पण गाण्याच्या नादापायी तिकडच्या एका गायकाची गाणी आमच्या कानावर पडली. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती परत लावून ऐकावीशी वाटली. मग आम्ही त्या माणसाची माहिती मिळवत गेलो. त्यांचे नाव व्हिक्टर हारा. इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे कुणी 'जारा' म्हणतात, पण त्यांच्या स्पॅनिश भाषेत उच्चार 'हारा' असा आहे. विहारात पेटी-ढोलकीवर बसणाऱ्या आपल्या पोरांनी तरी हे चरित्र वाचावं, या हेतूने ते इथे जरा सविस्तर देत आहोत.

व्हिक्टर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९३२ चा. बालपण गेलं सांतियागोजवळच्या लोंकेन या खेड्यात. वडील मान्युएल हे तिथल्या जमीनदाराकडे सालगडी. राहायला मालकाच्याच जमिनीवर साधं घर, पोटापुरता एक तुकडा कसायला, आणि त्याच्या मोबदल्यात घरातल्या सगळ्यांनी मालकाच्या शेतात राबायचं, असा तो व्यवहार. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळा म्हणजे वेळेची नासाडी असं त्यांचं मत, म्हणून पोरं चालायला लागली की शेतात. व्हिक्टर सहा-सात वर्षांचा होता तेव्हापासून शेतात काम करत होता. पुढे वडील दारूच्या आहारी गेले. घरात भांडणं, आदळआपट, मग दिवसेंदिवस घराबाहेर. हा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण अशी घरं आपल्यालाही काही नवीन नाहीत.

आई मात्र वेगळी. तिचं नाव अमांदा. ती देशाच्या दक्षिण भागातली. तिच्या अंगात मापुचे लोकांचं, म्हणजे स्पॅनिश गोरे येण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं. तिला वाचता येत होतं, पोरांनी शिकावं हा तिचाच हट्ट. आणि ती गिटार वाजवून गात असे. आसपासच्या गावांतून लग्नाला, सुगीला आणि मयतालाही तिला बोलावणं येई. चिलीच्या खेड्यांत त्या काळी तान्ही मुलं फार दगावत. मूल गेलं की त्याला पांढरे कपडे घालून, कागदाचे पंख लावून, फुलांत बसवत आणि रात्रभर त्याच्यासमोर गाणी म्हणत, अशी तिथली चाल होती. ती गाणी अमांदा म्हणायची. लहानगा व्हिक्टर आईबरोबर जायचा आणि ऐकता ऐकता तिथेच झोपायचा. गाणं म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याला असा मिळाला. आमच्या मते हाच शेवटपर्यंत टिकला.

एके दिवशी मोठी बहीण मारिया उकळत्या पाण्याने भाजली. तिला घेऊन आईने सांतियागोचं इस्पितळ गाठलं. मुलगी बरी होईपर्यंत शहरातच काम धरलं, आणि मग सगळं बिऱ्हाडच शहरात आणलं. रेल्वे स्टेशनच्या बाजूला नोगालेस नावाची गरिबांची वस्ती होती, तिथे हे कुटुंब येऊन पडलं. आईने बाजारात जेवणाचा गाळा चालवला. पहाटे उठायचं, रात्री उशिरा यायचं. भिंतीवरची गिटार तशीच राहिली, आईला ती हातात घ्यायलाही सवड नव्हती. शेजारच्या एका तरुणाने व्हिक्टरला गिटारीवर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. १९५० मध्ये आई कामावर असतानाच गेली. त्या वेळी व्हिक्टर हिशेबनिशीचं शिक्षण घेत होता. ते तिथेच सुटलं.

पोरकेपणात माणूस आधार शोधतो. ओळखीच्या एका पाद्र्याच्या सल्ल्याने व्हिक्टर ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शिक्षणाच्या मठात दाखल झाले. दोन वर्षांनी बाहेर पडले, कारण आपला पिंड तो नाही हे त्यांना कळून चुकलं. पाठोपाठ सक्तीची लष्करी नोकरी आली. तीही पुरी केली. १९५३ मध्ये ते नोगालेसला परत आले तेव्हा खिशात पैसा नाही, हातात धंदा नाही. सांतियागोच्या विद्यापीठाला समूहगानासाठी गायक हवे होते, तिथे आवाजाची परीक्षा दिली आणि निवडले गेले. तिथून मूकनाट्य, आणि मूकनाट्यातून १९५६ साली विद्यापीठाची नाट्यशाळा. पुष्कळांना ठाऊक नसतं, पण व्हिक्टर हारा आधी नाटकाचे दिग्दर्शक म्हणून नावाजले. १९६५ मध्ये त्यांना समीक्षकांचं पारितोषिकही मिळालं. नाटकं बसवायची आणि सुट्टीत गिटार घेऊन खेडोपाडी जायचं, म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून जुनी गाणी ऐकून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता.

या वेळी त्यांची गाठ व्हिओलेता पार्रा या थोर बाईंशी पडली. व्हिओलेताबाईंनी एकटीने गावोगाव हिंडून शेकडो लोकगीतं गोळा केली होती. रेडिओवर तेव्हा एकतर अमेरिकन गाणी, नाहीतर जमीनदारांना आवडतील अशी गुळगुळीत 'ग्रामीण' गाणी लागत. त्या गाण्यांत हिरवी शेतं होती, हसणाऱ्या पोरी होत्या, मात्र शेतात राबणारा माणूस नव्हता. व्हिओलेताबाईंनी खरी गाणी लोकांपुढे आणली आणि व्हिक्टरना स्वतः गायला भाग पाडलं. १९५७ पासून ते 'कुन्कुमेन' या लोकगीतांच्या संचात गाऊ लागले. १९६५ साली बाईंच्या मुलांनी, आंखेल आणि इसाबेल यांनी, सांतियागोत एका जुन्या घरात गाण्याची बैठक सुरू केली. तिथे लोक दाटीवाटीने बसून ऐकत. व्हिक्टर तिथले नेहमीचे गायक. पुढच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या गाण्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच सुमारास एका भाविक बाईचं मन पाद्रीबाबावर जडलं अशा अर्थाचं जुनं चावट लोकगीत त्यांनी गायलं आणि एकच गहजब झाला. रेडिओने ते बंद करून टाकलं. गाणं लोकांचं, शिव्या मात्र गायकाला!

नाट्यशाळेत जोन टर्नर नावाच्या इंग्रज नृत्यशिक्षिका होत्या. त्यांचा पहिला संसार मोडला होता, पदरी मान्युएला नावाची लहान मुलगी होती. व्हिक्टर यांनी दोघींनाही आपलं म्हटलं. १९६४ मध्ये त्यांना मुलगी झाली, तिचं नाव आजीवरून अमांदा ठेवलं. १९६८ साली व्हिक्टर इंग्लंडमध्ये नाटकांचा अभ्यास करायला गेले असताना लहानग्या अमांदाला मधुमेह असल्याचं निष्पन्न झालं. दूरदेशी ती बातमी कळल्यावर त्यांनी जे गाणं रचलं ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. कारखान्याच्या सुट्टीच्या पाच मिनिटांत एकमेकांना भेटणाऱ्या कामगार जोडप्याची ती गोष्ट आहे. तो लढ्यात जातो आणि परत येत नाही. दोघांची नावं काय, तर अमांदा आणि मान्युएल. म्हणजे स्वतःच्या आई-बापाची. ज्या बापाने घर सोडलं त्याचंही नाव त्यांनी गाण्यात मानाने घातलं, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

नावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मार्च १९६९ मध्ये दक्षिणेकडच्या पुएर्तो मोन्त शहराबाहेर काही बेघर कुटुंबांनी पडीक जमिनीवर झोपड्या टाकल्या. पहाटे सशस्त्र पोलीस आले आणि गोळीबार झाला. १० च्या आसपास माणसं मेली, त्यांत एक तान्हं बाळही होतं. व्हिक्टर यांनी आठवडाभरात गाणं केलं आणि त्यात गृहमंत्र्याचं नाव घेऊन जाब विचारला. सभेत हजारो लोकांपुढे ते गायले. काही महिन्यांनी श्रीमंतांच्या मुलांच्या एका शाळेत कार्यक्रम होता, तिथेही तेच गाणं गायले. विद्यार्थ्यांतल्या काहींनी दगडफेक केली आणि कार्यक्रम अर्धवट राहिला. मोघम गाणं म्हटलं असतं तर टाळ्याच पडल्या असत्या. अन्याय वाईट असतो हे सगळ्यांनाच मान्य असतं. नाव घेतलं की दगड येतात.

त्याच वर्षी जुलै महिन्यात सांतियागोत नव्या गाण्यांचा पहिला महोत्सव झाला. व्हिक्टर आणि 'किलापायुन' हा संच यांनी म्हटलेल्या शेतकऱ्यांच्या गाण्याला पहिला क्रमांक विभागून मिळाला. अंतिम कार्यक्रम 'एस्तादियो चिले' या बंदिस्त क्रीडागृहात झाला. वाचकांनी ही जागा लक्षात ठेवावी.

१९७० च्या निवडणुकीत साल्व्हादोर अयेंदे हे डाव्या आघाडीचे नेते राष्ट्राध्यक्ष झाले. व्हिक्टर कम्युनिस्ट पक्षाचे होते, प्रचारात ते जीव ओतून गायले. प्रचारासाठी केलेली त्यांची काही गाणी आज फिकी वाटतात, हे कबूल केलं पाहिजे. प्रचाराच्या गाण्याचं आयुष्य तेवढंच असतं. पण याच काळात त्यांनी दोन मोठी कामं केली.

पहिलं १९७१ चं. व्हिएतनामच्या लोकांसाठी आणि हो ची मिन्ह यांच्यासाठी त्यांनी शांततेने जगण्याच्या हक्काचं गाणं रचलं, आणि त्यात 'लोस ब्लोप्स' या तरुण पोरांच्या रॉक बँडला सोबत घेतलं. लोकगीताचा गायक आणि मागे इलेक्ट्रिक गिटार! जुन्या वळणाच्या मंडळींना आणि डाव्या कार्यकर्त्यांपैकीही काहींना ते रुचलं नाही. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे अमेरिकेची नक्कल, असं त्यांना वाटे. व्हिक्टर यांचं म्हणणं असं की वाद्य कुणाच्या बापाचं नसतं, ते हातात घेऊन आपलं करता येतं. आमच्याकडेही कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आला तेव्हा असाच वाद झाला होता. असो.

दुसरं काम १९७२ चं, आणि आमच्या मते ते सगळ्यांत मोलाचं. मार्च १९६७ मध्ये सांतियागोच्या कडेला शेकडो बेघर कुटुंबांनी रातोरात मोकळ्या जमिनीवर ताबा घेतला होता. बांबू, चादरी, पत्रे, जे मिळेल ते घेऊन माणसं आली. पोलिसांनी वेढा घातला. त्या हालात एर्मिंदा नावाची तान्ही मुलगी दगावली. पुढे वस्ती टिकली, तेव्हा लोकांनी तिला त्या मुलीचं नाव दिलं: एर्मिंदा दे ला व्हिक्टोरिया. व्हिक्टर त्या वस्तीत गेले, लोकांच्या घरी बसले, त्यांनी ताबा कसा घेतला ते त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि टेपवर उतरवून घेतलं. मग नाटककार मित्र अलेहांद्रो सिएवेकिंग यांच्या मदतीने एका सबंध ध्वनिमुद्रिकेत ती हकीकत गाण्यांतून सांगितली. वस्तीतल्या बायाबापड्यांचे खरे आवाज मधून मधून ऐकू येतात. एर्मिंदाचं गाणं त्यात आहे. लुचिन नावाच्या, चिखलात खेळणाऱ्या चिमुरड्या पोराचंही आहे. जो स्वतः नोगालेसच्या चिखलात वाढला, त्याला ते लिहिताना लांब जावं लागलं नसेल.

इकडे देशाची घडी विस्कटत होती. अयेंदे यांनी तांब्याच्या खाणी सरकारी केल्या. अमेरिकेला ते खपलं नाही, विरोधकांना तिकडून गुप्तपणे पैसा पुरवला गेला. हे पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्याच सिनेटच्या चौकशीत उघड झालं. महागाई वाढली, रांगा लागल्या. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा व्हिक्टर इतर स्वयंसेवकांबरोबर पोती उचलायला गेले होते.

११ सप्टेंबर १९७३, मंगळवार. व्हिक्टर तेव्हा तंत्रविद्यापीठात नोकरीला होते. त्या दिवशी तिथे एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष अयेंदे येणार होते आणि व्हिक्टर गाणार होते. सकाळीच रेडिओवर लष्करी उठावाची बातमी आली. तरी ते घरातून निघाले, कारण कामगारांना आपापल्या कामाच्या जागी जमायला सांगितलं होतं. दुपारी राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकले, अयेंदे यांचा अंत झाला आणि जनरल पिनोशे यांची सत्ता सुरू झाली. संचारबंदीमुळे विद्यापीठातले शेकडो विद्यार्थी आणि शिक्षक रात्रभर आतच अडकले. दुसऱ्या दिवशी लष्कराने इमारतीवर मारा केला आणि सगळ्यांना हात डोक्यावर ठेवून नेलं. कुठे नेलं? एस्तादियो चिले. चार वर्षांपूर्वी जिथे बक्षीस मिळालं तिथेच.

त्या क्रीडागृहात सुमारे ५ हजार माणसं कोंडली होती. एका अधिकाऱ्याने व्हिक्टरना ओळखलं आणि रांगेतून बाजूला काढलं. मारहाण सुरू झाली. बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांचे हात ठेचले. गिटार वाजवणारे हात. त्यांचे हात कुऱ्हाडीने तोडले अशी कथा जगभर पसरली आहे, आम्हीही प्रथम तशीच ऐकली होती. ते खरं नाही. जे खरं आहे ते पुरेसं भयंकर आहे, त्यात भर घालण्याची गरज नाही. मधल्या एका शांत वेळी त्यांनी कुणाकडून तरी कागद-पेन्सिल घेऊन त्या जागेवर एक कविता लिहिली. सोबतच्या कैद्यांनी ती लपवून, नकलून बाहेर पोचवली, म्हणून ती आज आहे. १५-१६ सप्टेंबरच्या सुमारास त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अंगावर ४४ जखमा होत्या. वय होतं चाळीस.

इतर काही प्रेतांबरोबर त्यांचं प्रेत शहराच्या एका कबरस्तानाजवळ टाकून दिलेलं होतं. तिथून ते शवागारात गेलं. शवागारात शेकडो प्रेतं बेवारस म्हणून, बिननावाची पडली होती. जन्ममृत्यू नोंदणी खात्यातल्या एका तरुण कारकुनाला तिथे ठसे घेण्याच्या कामाला लावलं होतं. त्याने व्हिक्टरना ओळखलं. गप्प बसला असता तर त्याला कुणी विचारणार नव्हतं, आणि बोलला तर जीवावर बेतणार. १८ सप्टेंबरला, चिलीच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, तो पत्ता काढून जोनबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांना घेऊन तो शवागारात गेला. त्याच दिवशी दोघा माणसांच्या सोबतीने बाईंनी नवऱ्याला कबरस्तानाच्या भिंतीतल्या एका खणात ठेवलं. ना मिरवणूक, ना गाणं. त्या कारकुनामुळे व्हिक्टर हारा बिननावाचे गेले नाहीत, एवढंच. त्याच्यासारखं धैर्य पदकांच्या यादीत येत नाही.

ऑक्टोबरमध्ये जोनबाई दोन मुलींना घेऊन देशाबाहेर पडल्या. सामानात गाण्यांच्या टेप होत्या. चिलीत त्यांच्या तबकड्या दुकानांतून आणि घरांतून नाहीशा झाल्या, कुणी भीतीने स्वतःच जाळल्या. अमेरिकेत फिल ओक्स हा गायक, जो १९७१ मध्ये चिलीत व्हिक्टरना भेटला होता, त्याने मे १९७४ मध्ये न्यूयॉर्कला मदतीचा जलसा भरवला. त्यात बॉब डिलनही गायले. जोनबाई देशोदेशी बोलत हिंडल्या, १९८३ मध्ये त्यांनी पतीचं चरित्र लिहिलं, आणि पुढे परत चिलीत येऊन राहिल्या. १९९० मध्ये पिनोशे यांची सत्ता गेली. १९९३ मध्ये व्हिक्टर यांच्या नावाची संस्था उभी राहिली. ज्या क्रीडागृहात त्यांना मारलं त्याला आता त्यांचंच नाव आहे.

पण गोळी कुणी घातली? कोर्टात तारखा पडत राहिल्या. २००९ मध्ये चौकशीसाठी कबर उघडली. त्या डिसेंबरमध्ये त्यांचा अंत्यविधी पुन्हा झाला, या वेळी तीन दिवस रांगा होत्या, हजारो लोक गात रस्त्याने चालले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या कोर्टात, तिथे जाऊन राहिलेल्या पेद्रो बार्रिएन्तोस या माजी लष्करी अधिकाऱ्याला ज्युरीने जबाबदार धरलं आणि कुटुंबाला २ कोटी ८० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. २०१८ मध्ये चिलीच्या कोर्टाने निवृत्त अधिकाऱ्यांना शिक्षा ठोठावल्या. मग अपिलं. २०१९ मध्ये महागाई आणि विषमतेविरुद्ध सांतियागोचे रस्ते माणसांनी भरले, तेव्हा शेकडो गिटारवाले एकत्र जमून शांततेने जगण्याच्या हक्काचं तेच १९७१ चं गाणं वाजवत होते. त्यांतले बहुतेक व्हिक्टर गेल्यानंतर जन्मलेले.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्या. आरोपी तोवर सत्तरी-ऐंशी ओलांडलेले म्हातारे झाले होते. एकाने पोलीस न्यायला आले तेव्हा स्वतःला गोळी घालून घेतली. नोव्हेंबरात जोनबाई सांतियागोत वारल्या, वय ९६. बार्रिएन्तोसला अमेरिकेने विमानात बसवून चिलीच्या पोलिसांच्या हवाली केलं, तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते.